आकडी थांबल्यानंतर

आकडी बहुधा एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबते. घरापासून किंवा पेढीपासून रुग्णालय मात्र त्याहून पुष्कळ दूर असते. त्यामुळे आपत्कालीन विभागातील डॉक्टरांच्या दृष्टीस प्रत्यक्ष आकडी क्वचितच पडते. त्यांच्यापुढे येतो तो आकडी ओसरलेला, गुंगीत असलेला आणि स्वतःविषयी काहीही सांगू न शकणारा मनुष्य. त्याच्याभोवती असतात घाबरलेले आणि एकाच वेळी बोलणारे चार नातलग. काय घडले, किती वेळ घडले आणि कशामुळे घडले, हे सारे मागे जाऊन शोधावे लागते. रोख शिल्लक जुळेनाशी झाली की जाणता दिवाणजी कोणावर ठपका ठेवण्याआधी पावत्या काढतो, कीर्द पाहतो, खतावणीशी ताडून पाहतो. आपत्कालीन विभागातील डॉक्टरही नेमके तेच करतात. फरक एवढाच की त्यांच्या पावत्या रुग्णाच्या शरीरावर असतात आणि कीर्द नातलगांच्या स्मरणात असते.

हा ताळमेळ अचूक का असावा, हे आधी पाहिले पाहिजे. मनुष्य कोसळला, अंगाला झटके आले, शुद्ध हरपली, एवढ्या एकाच दृश्यामागे अनेक कारणे असू शकतात. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडून कोसळलेल्या रुग्णाला ‘फीट आली होती’ असे म्हणून घरी पाठवले, तर पुढचा प्रसंग प्राणावर बेतू शकतो. उलट साध्या भोवळीला अपस्मार ठरवले, तर निरोगी मनुष्याच्या माथी वर्षानुवर्षांच्या गोळ्या आणि एक नकोसा शिक्का बसतो. दोन्ही बाजूंची चूक महागच पडते.

शब्दांचा नेमका अर्थ

आकडी, फीट, फेफरे, मिरगी, अपस्मार हे शब्द घरोघरी एकाच अर्थाने वापरले जातात. वैद्यकशास्त्र मात्र त्यांत भेद करते. मेंदूतील पेशींचा विद्युत्प्रवाह काही काळ अनियंत्रित होणे ही आकडी होय. ती एक घटना आहे. अशा आकड्या वारंवार येण्याचा मेंदूचा कल म्हणजे अपस्मार. तो आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार शंभरातील दहापर्यंत व्यक्तींना आयुष्यात एकदा तरी आकडी येऊ शकते. अपस्मार असलेल्यांची जगभरातील संख्या मात्र सुमारे ५ कोटी आहे, म्हणजे शंभरात एकाहूनही कमी. एक आकडी आली म्हणून अपस्मार जडला, असा निष्कर्ष काढणे म्हणजे एक धनादेश परत आला म्हणून पेढीचे दिवाळे निघाले असे म्हणण्यासारखे आहे.

शरीरावरील खुणा

सर्वांगाला झटके देणारी मोठी आकडी येऊन गेली असेल, तर डॉक्टर प्रथम जिभेकडे पाहतात. आकडीत जबडा घट्ट मिटतो आणि जीभ दाढांत सापडते. जिभेच्या शेंड्याला झालेली जखम नुसते पडतानाही होऊ शकते. परंतु जिभेच्या कडेला दातांची खोल खूण असेल, तर ती आकडीची बलवान साक्ष मानली जाते. मात्र याचे उलट खरे नाही. जीभ चावलेली नाही, एवढ्यावरून आकडी आली नव्हती असे म्हणता येत नाही. रात्री झोपेत आकडी येणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत तर ही खूण कधीकधी एकमेव सुगावा ठरते. सकाळी उशीवर रक्तमिश्रित लाळेचा डाग, जिभेला ठणका, ओले अंथरूण आणि आदल्या दिवशी काहीही श्रम न करता सर्वांग ठेचल्यासारखे दुखणे, या चार गोष्टी एकत्र आढळल्या तर ‘झोप नीट लागली नाही’ असे म्हणून त्या सोडून देऊ नयेत.

दुसरी खूण म्हणजे गोंधळ. भोवळ आलेला मनुष्य आडवा पडताच अल्पावधीत भानावर येतो आणि ‘मी कुठे आहे’ याचे उत्तर त्याला लवकर सापडते. मोठ्या आकडीनंतर तसे होत नाही. रुग्ण डोळे उघडतो, पण ओळखत नाही. विचारले ते समजत नाही. उठून चालू लागतो, हात झटकतो, प्रसंगी चिडतो. मग गाढ झोपी जातो. ही अवस्था काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत टिकते आणि वृद्धांमध्ये त्याहूनही लांबते. या वेळी त्याला धरून, दटावून शांत करू पाहणे व्यर्थ असते, कारण त्याला त्याचे भान नसते. शुद्ध हळूहळू सुधारत जाणे हे चांगले लक्षण आहे. ती सुधारतच नसेल, तर बाहेरून झटके थांबले तरी मेंदूत आकडी चालूच आहे की काय, अशी शंका डॉक्टरांना घ्यावी लागते. ती फेडण्यासाठी ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत्प्रवाहाचा आलेख, काढावा लागतो.

तिसरी खूण बहुतेकांना ठाऊक असते, पण तिचे वजन गैरसमजाने वाढलेले आहे. कपड्यात लघवी होणे हे आकडीत घडते खरे, परंतु ते साध्या भोवळीतही घडू शकते. एकट्या या खुणेवर निर्णय करता येत नाही.

चौथी खूण सांध्याची आहे आणि ती सहज निसटते. खांदा निखळतो तो बहुधा पुढच्या बाजूस. मागच्या बाजूस निखळणे विरळा असून आकडी आणि विजेचा धक्का ही त्याची ओळखीची कारणे आहेत. समोरून काढलेल्या क्ष-किरण चित्रात ते अनेकदा लक्षात येत नाही. शुद्धीवर आलेला रुग्ण हात पोटाशी आत वळवून धरत असेल आणि तो बाहेर फिरवता येत नसेल, तर ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी. पाठीच्या मणक्यालाही अशा वेळी चेप बसू शकतो. स्नायूंच्या त्या जोरामुळे पापण्यांवर व चेहऱ्यावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपकेही कधी उमटतात.

पाचवी खूण सर्वाधिक घाबरवणारी आहे. आकडी ओसरल्यावर एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडतो. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील वैद्य रॉबर्ट बेंटली टॉड यांनी १८४९ साली या अवस्थेचे वर्णन केले, म्हणून तिला टॉडचा लुळेपणा म्हणतात. तो काही मिनिटांपासून सुमारे दीड-दोन दिवसांत पूर्णपणे ओसरतो. परंतु पक्षाघाताचे रूपही हुबेहूब असेच असते आणि पक्षाघातातही आरंभी आकडी येऊ शकते. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. म्हणून ‘आकडीनंतरचा अशक्तपणा आहे, सकाळपर्यंत पाहू’ असा निर्णय घरात कदापि घेऊ नये. आधी झटके आले की आधी हात लुळा पडला, हा क्रम आणि घड्याळातील वेळ ज्या नातलगाने लक्षात ठेवली असेल, तोच त्या घटकेला सर्वांत मोलाचा साक्षीदार ठरतो.

भोवळ आणि आकडी

अंगाला झटके आले म्हणजे आकडीच, ही समजूत बरोबर नाही. १९९४ साली जर्मन संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम भोवळ आणवून तिचे चित्रीकरण केले. पूर्ण शुद्ध हरपलेल्या ४२ जणांपैकी सुमारे ९० टक्क्यांच्या अंगाला काही सेकंद झटके आलेले दिसले. मेंदूचा रक्तपुरवठा क्षणभर तुटला तरी असे होते. फरक ओळखायचा तो आधीच्या आणि नंतरच्या स्थितीवरून. भोवळीपूर्वी बहुधा डोळ्यांपुढे अंधारी येते, घाम फुटतो, चेहरा पांढराफटक पडतो. फार वेळ उभे राहणे, उकाडा, रक्त पाहणे असे काही निमित्त असते आणि आडवे होताच मनुष्य सावरतो. मोठ्या आकडीत पुष्कळदा प्रथम अंग ताठ होते, कधी घशातून विचित्र आवाज निघतो, डोळे उघडे राहतात, ओठ काळे-निळे पडतात आणि मग झटके सुरू होतात.

काही आकड्या केवळ मानसिक ताणातून उद्भवतात. त्यांत डोळे बहुधा घट्ट मिटलेले असतात आणि प्रसंग बराच लांबतो. घरच्यांनी याला ‘नाटक’ म्हणणे हा त्या व्यक्तीवर अन्याय होय, कारण ती हे जाणूनबुजून करीत नसते. तिलाही उपचाराचीच गरज असते, फक्त तो निराळा असतो.

व्यायाम करताना किंवा काहीही पूर्वसूचना न मिळता कोसळणे आणि कुटुंबात कोणी तरुण वयात अकस्मात निधन पावलेले असणे, या दोन गोष्टी हृदयाकडे बोट दाखवतात. म्हणून पहिल्यांदा ‘फीट’ आलेल्या प्रत्येकाचा ईसीजी काढला जातो. ‘त्रास डोक्याचा, मग छातीची तपासणी कशाला’ असा बिलावरून वाद घालणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

तपासण्या काय सांगतात

सर्वप्रथम बोटाला टोचून रक्तातील साखर पाहिली जाते. ती फार उतरली तर आकडी येते आणि वेळीच दिलेल्या ग्लुकोजने ती आटोक्यात येते. मधुमेहाचे औषध घेऊन जेवण टाळणाऱ्यांच्या बाबतीत हा प्रसंग विशेष संभवतो. त्यानंतर सोडियम, कॅल्शियम, मूत्रपिंडाचे कार्य या तपासण्या होतात. रक्तातील लॅक्टेट मोठ्या आकडीनंतर लगेच वाढते आणि एक-दोन तासांत पुष्कळसे ओसरते, म्हणून त्याचा नमुना लवकर घ्यावा लागतो. स्नायूंतील सीके हे द्रव्य उलट सावकाश वाढते आणि दुसऱ्या दिवशीही आढळते. लघवी चहाच्या रंगाची झाल्यास स्नायूंची इजा मूत्रपिंडाला बाधत असल्याची ती सूचना असू शकते.

सीटी स्कॅन ‘नॉर्मल’ आला म्हणून आकडी आलीच नाही, असे नव्हे. एकदा काढलेला ईईजी निर्दोष आला तरी अपस्मार निश्चितपणे नाकारता येत नाही. यंत्राचा अहवाल हा एक पुरावा आहे. पाहणाऱ्याने सांगितलेली हकिगत हा त्याहून अनेकदा मोठा पुरावा असतो.

गर्भवती स्त्रीला विसाव्या आठवड्यानंतर किंवा बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत आकडी आली, तर रक्तदाबाशी निगडित गंभीर अवस्था प्रथम गृहीत धरावी लागते. तिचा उपचारही वेगळा आहे. अशा वेळी गर्भारपणाची किंवा नुकत्याच झालेल्या बाळंतपणाची माहिती पहिल्याच वाक्यात सांगावी. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांना तापात येणारी आकडी बहुधा निरुपद्रवी ठरते, तरीही मेंदूज्वर नाही याची खात्री डॉक्टरांनीच करावयाची असते.

शाकाहारी कुटुंबांना एक कारण अनपेक्षित वाटेल. भारतात आकडीचे एक मोठे कारण म्हणजे डुकराच्या मांसातून पसरणाऱ्या फीतकृमीच्या अळ्यांनी मेंदूत केलेल्या गाठी. ‘आमच्या घरात मांस शिजतच नाही’ हे उत्तर येथे पुरे पडत नाही. मांसातून पोटात कृमी होतो, परंतु मेंदूतील गाठी होतात त्या कृमीच्या अंड्यांमुळे. ही अंडी दूषित पाणी, न धुतलेल्या पालेभाज्या किंवा अस्वच्छ हात यांतून कोणाच्याही पोटात जाऊ शकतात. न्यूयॉर्कमधील सनातनी ज्यू समाजातील, डुकराचे मांस कधीही न खाणाऱ्या चार व्यक्तींना हाच आजार झाल्याचे १९९२ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. घरात आणि दुकानात काम करणाऱ्या प्रत्येकाला स्वच्छ शौचालय, साबण व पाणी उपलब्ध करून देणे, हे मालकाचे कर्तव्य तर आहेच. त्याच्या स्वतःच्या कुटुंबाचे संरक्षणही आहे.

लपवलेली नोंद

या सर्व खुणा जुळवूनही डॉक्टरांचा हिशेब चुकू शकतो, तो माहिती दडवली गेल्यामुळे. व्यापारी कुटुंबांत पत आणि नाव यांना मोठे मोल असते आणि आकडीचा उल्लेख नावाला बट्टा मानला जातो. विशेषतः मुलीच्या बाबतीत. उदाहरणादाखल अशी कल्पना करावी. शाळेत असताना मुलीला आकड्या येत होत्या. गोळ्यांनी त्या पूर्ण थांबल्या. विवाह ठरताना हा विषय काढला गेला नाही. सासरी ती गोळ्या लपवून घेऊ लागली. पाहुणे, जागरणे, प्रवास यांत चार दिवस गोळ्या चुकल्या आणि पाचव्या दिवशी स्वयंपाकघरात आकडी आली. रुग्णालयात पती प्रामाणिकपणे सांगतो, “हिला पूर्वी असे कधीच झाले नव्हते.” डॉक्टर पहिली आकडी समजून कारण शोधू लागतात. ज्या एका वाक्याने दिशा स्पष्ट झाली असती, ते वाक्य माहेरच्या फोनवर अडकून राहते. ती गर्भवती असेल, तर प्रश्न अधिकच नाजूक होतो, कारण आकडीवरील काही औषधे गर्भाला अपायकारक असतात आणि ती योजनापूर्वक बदलावी लागतात.

हिंदू विवाह कायदा जैनांनाही लागू आहे. त्यातील वैध विवाहाच्या अटींत एकेकाळी वारंवार येणाऱ्या अपस्माराचा उल्लेख होता. १९९९ सालच्या दुरुस्तीने तो वगळण्यात आला. अपस्मार हा विवाहाचा अडथळा नाही, हे कायद्याने मान्य केले आहे. समाजाने मान्य करावयाचे बाकी आहे. उलट, माहिती दडवून जुळवलेला संबंध पुढे फसवणुकीच्या वादात सापडू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य निदान व उपचार मिळाल्यास ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण आकडीमुक्त जीवन जगू शकतात. क्षेत्ररक्षणासाठी जगभर नावाजलेले दक्षिण आफ्रिकेचे क्रिकेटपटू जाँटी ऱ्होड्स यांनी आपल्याला अपस्मार असल्याचे उघडपणे सांगितले आहे.

दडवली जाणारी दुसरी गोष्ट मद्याची आहे. नियमित मद्यपान अचानक बंद केल्यास साधारण दोन दिवसांच्या आत आकडी येऊ शकते. घरातील व्यक्ती असो वा गाडीचा चालक असो, ही माहिती डॉक्टरांना एकांतात का होईना, पण सांगितलीच पाहिजे. तिसरी गोष्ट व्रताची आहे. ती लपवली जात नाही, परंतु सांगायची राहून जाते. चौविहारामुळे रात्रीची गोळी गळणे, दीर्घ उपवासात औषध थांबवणे, मधुमेहाच्या गोळ्या चालू ठेवून आहार सोडणे, ही आकडीची थेट कारणे ठरू शकतात. औषधाच्या वेळा अनेकदा सूर्योदय-सूर्यास्ताशी जुळवून घेता येतात. मात्र ते व्रत घेण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून ठरवावे, पच्चक्खाण घेतल्यानंतर नव्हे.

साक्षीदाराचे कर्तव्य

आकडी चालू असताना करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. आसपासच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत, झटके ओसरताच रुग्णाला कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा किंवा बोट घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, पाणी पाजू नये. मुठीत किल्ल्या देणे, नाकाशी चप्पल धरणे यांचा उपयोग शून्य आहे आणि त्यात वेळ मात्र जातो. आकडी पाच मिनिटांहून अधिक चालली, शुद्ध येण्यापूर्वी दुसरी आली, श्वास अडखळला, इजा झाली, पाण्यात असताना आली, रुग्ण गर्भवती वा मधुमेही असेल किंवा आयुष्यातील ही पहिलीच आकडी असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

त्यानंतर एका कागदावर पुढील नोंदी कराव्यात:

१. आकडी किती वाजता सुरू झाली, किती मिनिटे चालली. रुग्ण शेवटचा पूर्ण बरा केव्हा दिसला.
२. सुरुवात एका बाजूने झाली की सर्वांगात. मान व डोळे कोणत्या दिशेला वळले. डोळे उघडे होते की मिटलेले.
३. आधी काय घडले: ताप, जागरण, उपवास, डोक्याला मार, छातीत धडधड.
४. नंतर बोलणे व ओळख केव्हा परतली. कोणता हात किंवा पाय अशक्त वाटला.
५. चालू औषधांची नावे आणि चुकलेल्या मात्रा. गोळ्यांची पाकिटेच सोबत न्यावीत.
६. पूर्वीच्या आकड्या, मधुमेह, गर्भारपण, मद्यपान आणि कुटुंबातील आकस्मिक मृत्यू.

जवळ दुसरे कोणी मदतीला असेल, तर मोबाइलवर काही सेकंदांचे चित्रीकरण करावे. तज्ज्ञाला ते फार उपयोगी पडते. ते केवळ डॉक्टरांना दाखवावे, नातलगांच्या समूहावर पाठवू नये. घरी परतल्यावर डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत रुग्णाने वाहन चालवू नये, पोहायला जाऊ नये, शिडीवर चढू नये. वाहन परवान्याच्या अर्जासोबतच्या प्रकृतिविषयक घोषणापत्रात अपस्मार व अचानक शुद्ध हरपणे यांविषयी स्पष्ट प्रश्न असतो. त्याचे उत्तर खरेच द्यावे, कारण त्यात रस्त्यावरील इतरांच्याही जिवाचा प्रश्न आहे.

रुग्णालयात रुग्णासोबत कोणी जावे, याचाही विचार व्हावा. बहुधा घरातील वडीलधारी किंवा पैशाचा व्यवहार पाहणारी व्यक्ती पुढे होते आणि ज्याच्या डोळ्यांदेखत सारे घडले तो नोकर, ती सून किंवा तो शाळकरी मुलगा घरीच राहतो. बिल कोणीही भरू शकतो; आकडी पाहिलेल्या माणसाची जागा मात्र दुसरा कोणी घेऊ शकत नाही. रुग्णवाहिकेत पहिली जागा त्याला द्यावी.